चिंचोके कुठे पडले? जुन्या नागपुरातल्या एका मोहल्ल्याचं प्रकरण

या गल्लीतल्या जुन्या घरांच्या ओट्यांना पूर्वी तीन पायऱ्या होत्या. आता एकच दिसते. बाकीच्या दोन रस्त्याच्या पोटात गेल्या. डांबरावर डांबर, मग त्यावर सिमेंट, असं करत रस्ता वर चढत गेला आणि घरं होती तिथेच राहिली. पावसाळा लागला की पाणी नालीत जायचं सोडून ओसरीत शिरतं. त्यामुळे रस्ता पुन्हा होणार हे कळलं तेव्हा मोहल्ल्यात आनंद कमी आणि धास्ती जास्त होती.

मोहल्ला इतवारी आणि महाल यांच्या मधल्या पट्ट्यातला आहे. नाव देत नाही, कारण काही गोष्टी लोकांनी नाव न देण्याच्या अटीवरच सांगितल्या. मी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं क्षेत्रकार्य बघतो. त्या वर्षी चार विद्यार्थी या वस्तीत होते, म्हणून मीही त्यात ओढला गेलो.

एका सकाळी रस्त्याचं मोजमाप घ्यायला कनिष्ठ अभियंता आले. त्यांच्याकडच्या नकाशात गल्ली म्हणजे दोन समांतर रेघा होत्या. आखाड्याच्या ओट्यावर बसलेल्या एका काकाजींनी चष्मा वर करून नकाशा न्याहाळला आणि विचारलं, "यात आमची विहीर कुठी आहे जी?" विहीर नव्हती. कोपऱ्यावरचा कडुनिंब आणि त्याचा पारही नव्हता. अभियंता माणूस सरळ होता. म्हणाला, कागदावर जे येतं तेच आमच्या नकाशावर येतं, तुम्ही लिहून द्या.

एरवी अशा वेळी लोक नगरसेवकाचं घर गाठतात. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक बसले होते. दार ठोठवायला नेहमीचा माणूसच नव्हता. तेव्हा "लिहून द्या" हा सल्ला मोहल्ल्यानं अक्षरशः घेतला. आपल्याकडे जपण्यासारखं काय काय आहे, ते लिहून द्यायचं ठरलं.

पहिली बैठक फसली ती अशी

या कामाची एक पद्धत समाजकार्याच्या वर्गात शिकवली जाते. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन क्रेत्झमन आणि जॉन मॅकनाइट यांनी १९९३ मध्ये ती नीट मांडली. त्यांचं म्हणणं असं की गरीब वस्तीकडे सरकार आणि संस्था जातात त्या गरजांचा नकाशा घेऊन : इथे व्यसन, तिथे कचरा, पलीकडे बेकारी. हळूहळू वस्तीलाही स्वतःकडे त्याच नकाशातून पाहायची सवय लागते. तर उलटं करा. माणसांचं कसब, मंडळं, संस्था, जागा अशा जमेच्या गोष्टी आधी मोजा. आपल्याकडे खेड्यांमध्ये जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढून घेण्याची रीत आहे, तिचा आणि याचा सांधा चांगला जुळतो.

पुस्तकी बाजू ठीक होती. बैठक मात्र फसली, आणि त्यात चूक माझी होती. मे महिना, पारा पंचेचाळिशीच्या आसपास, आणि मी वेळ दिली संध्याकाळी सहाची. त्या वेळी नागपुरात भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. आले ते बहुतेक पुरुष, आखाड्याच्या हॉलमध्ये कूलरच्या समोरासमोर बसले. मी विचारलं, आपल्या मोहल्ल्यात चांगलं काय आहे? पहिल्यांदा कोणी बोललंच नाही. मग एक जण म्हणाला, "चांगलं काय राहणार आहे जी इथं?" आणि तिथून जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. नाली तुंबते, नळाला धार नाही, कचऱ्याची गाडी शिट्टी वाजवते पण थांबत नाही, पोरं रात्री पारावर बसतात.

शेवटी मी प्रश्न शहरावर नेला. तेव्हा भराभर नावं आली : दीक्षाभूमी, झिरो माईल, टेकडीचा गणपती, ताजबाग, अंबाझरी, फुटाळा, गांधी गेट, संत्री. विद्यार्थिनीनं सगळं फळ्यावर लिहिलं आणि मला हळूच म्हणाली, सर, ही यादी तर रेल्वे स्टेशनवरच्या बोर्डावर पण आहे.

बरोबर होतं तिचं. ती यादी खोटी नव्हती, पण त्यात या लोकांचं काही नव्हतं. बख्त बुलंद शाहनं बारा वाड्या जोडून हे शहर उभं केलं असं आपण शाळेत शिकतो. पण यादी करायला बसलो की शहराच्या नावावर दहा ठिकाणं निघतात आणि वाड्या गायब होतात.

प्रश्न बदलला

पुढच्या खेपेला रात्री साडेआठनंतर बसलो, तेही तीन ठिकाणी वेगवेगळं. बाया भजनी मंडळाच्या ओसरीत, पुरुष आखाड्यात, पोरं पारावर. प्रश्नही बदलला. उद्या सकाळी उठल्यावर काय नसेल, तर तुमचं अडेल?

उत्तरं अशी धावत आली की लिहिणारी पोरगी मागे पडली. जमिनीवर खडूनं मोहल्ला काढला होता. प्रत्येकाला पाच चिंचोके दिले. जे गेलं तर सगळ्यात जास्त अडेल तिथे जास्त चिंचोके टाकायचे. पाचही एकाच जागी टाकले तरी चालेल.

पुरुषांचे चिंचोके आखाडा, पानठेला आणि पार यांच्यावर पडले, यात नवल नाही. बायांचे कुठे पडले ते बघण्यासारखं होतं. चक्की. आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईचं घर. एका विशिष्ट खांबाखालचा उजेड, कारण रात्री शिकवणीहून येणाऱ्या मुली त्या खांबापर्यंत आल्या की घरी पोचल्यासारख्या असतात. आणि भजनी मंडळाचे गंज, कढया, सतरंज्या. लग्न असो की तेरवी, हे सामान मागून नेतात आणि घासून परत आणतात. वहीत नोंद नसते, तरी आजवर एक पळी हरवलेली नाही असं त्या अभिमानानं सांगत होत्या. (एक झारा हरवला होता असं नंतर दुसऱ्या बाईनं मला एकीकडे घेऊन सांगितलं. कोणाकडे आहे तेही सांगितलं.)

पोरांचा नकाशा सगळ्यात सरस. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर गेलं की बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे मिळतात, हे विदर्भात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. पोरांनी कोणतं घर किती बोजारा देतं त्यावरून मोहल्ल्याची प्रतवारी लावली होती. एका तीन मजली नव्या इमारतीवर एकही चिंचोका नव्हता. वॉचमन आत सोडत नाही, एवढंच कारण. नगररचनेचा अभ्यास करणाऱ्यानं "बंदिस्त संकुलांचा सामाजिक परिणाम" वगैरे मथळा देऊन पानं भरली असती. पोरांनी रिकामा चौकोन ठेवला आणि पुढे गेली.

दोन गोष्टी मात्र पहिल्या फेरीत कोणीच सांगितल्या नाहीत.

एक, तिरडी बांधणारा माणूस. मोहल्ल्यात एक दादा आहेत, पेशानं इस्त्रीवाले. कोणाकडे मयत झाली की बोलावणं त्यांनाच जातं. बांबू कुठून आणायचे, दोर किती लागतो, मडकं कोण धरेल, गाडी कधी सांगायची, सगळं त्यांच्या डोक्यात. रात्री दोन वाजता उठून जातात आणि पैसे घेत नाहीत. सगळ्यांना माहीत, पण अशुभ म्हणून यादीत कोणी उच्चारलं नाही. तिसऱ्या बैठकीत एका आजीनं सांगितलं आणि हॉल गप्प झाला. मग चिंचोके संपलेले असताना लोक पुन्हा मागायला लागले. या इस्त्रीवाल्या दादांच्याच दुकानात खिळ्याला आखाड्याच्या हॉलची किल्ली असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी वस्त्यांमध्ये घुसली, तेव्हा खालच्या अंगाच्या एका कुटुंबाला आसरा द्यायला हॉल उघडला गेला तो या खिळ्यामुळे. आखाड्याला चिंचोके पडले होते, खिळ्याला नव्हते. तेव्हापासून आम्ही यादीत एक रकाना वाढवला : किल्ली कोणाकडे? या एका रकान्यानं जेवढं कळलं तेवढं बाकीच्या पाचांनी मिळून सांगितलं नाही.

दुसरी न आलेली गोष्ट म्हणजे खुद्द नाग नदी. शहरातून सुमारे १७ किलोमीटर वाहते, शहराचं नाव तिच्यावरून पडलं असं सगळे सांगतात, आणि एकाही चिंचोक्याची धनी ती झाली नाही. तिला इकडे नालाच म्हणतात. मी मुद्दाम विचारलं तर एक जण म्हणाला, ती जाते तर जाऊ द्या ना, येते तेव्हाच ताप आहे.

विहीर

आता विहिरीकडे येतो, कारण प्रकरण खरं तिथे अडलं.

विहीर जुनी, दगडी, तोंडावर लोखंडी जाळी. वापर आता फारसा नाही. कूलरला पाणी भरायला आणि सणावाराला. नळाला धार कमी आली की टिल्लू पंप लावणारे आहेत, पण उन्हाळ्यात तेही हात टेकतात तेव्हा विहीर आठवते. तिन्ही गटांची बेरीज केली तर सगळ्यात जास्त चिंचोके विहिरीवर होते. अर्जात पहिला मुद्दा तोच येणार हे ठरल्यातच जमा होतं.

एका आजींनी तिची गोष्टही सांगितली, आणि गोष्ट सुरेख होती. दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारी माणसं नागभीड, उमरेडकडून नॅरोगेजच्या गाडीनं इतवारी स्टेशनात उतरायची आणि पायी निघायची. त्यांच्या सासऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी रांजण ठेवला होता, या विहिरीचं पाणी भरून. थकलेली माणसं पाणी पिऊन पुढे जायची. विद्यार्थ्यांना तर सोनं सापडल्यासारखं झालं. मोहल्ल्याची विहीर आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरचं शहराचं सगळ्यात मोठं स्थान, दोन्ही एका धाग्यात. त्यांनी ती तशीच्या तशी वहीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचून दाखवली.

ऐकणाऱ्यांत पलीकडच्या वस्तीतले एक गृहस्थ होते, वय सत्तरच्या पुढचं. पूर्वी ते एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ मध्ये सुरू झालेली जमशेटजी टाटांची गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली, पण तिचा भोंगा "गेलेल्या गोष्टी" या रकान्यात त्यांनीच लिहायला लावला होता. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "माझी माय त्याच रस्त्यानं गेली जी. तिले पाणी भेटलं. दोर नाही भेटला."

एवढंच बोलले. अर्थ सगळ्यांना लागला. रांजणातलं पाणी ओंजळीत ओतून मिळायचं. विहिरीच्या दोराला हात लावायची मुभा नव्हती.

आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हो. नव्हता देत." समजूत घालण्याचा सूर नाही, बचावही नाही. एक तरुण मधेच म्हणाला की जुन्या गोष्टी कशाला उकरता, आपल्याला रस्ता अडवायचा आहे. मला तेव्हा त्याचा राग आला. आज वाटतं की त्याच्याही म्हणण्यात तथ्य होतं, अर्ज द्यायला चारच दिवस उरले होते.

जिवापाड जपायच्या वस्तूंची यादी करताना कोणी हे विचारत नाही की ही वस्तू कोणाच्या आठवणीत कशी आहे. ज्या विहिरीला सगळ्यात जास्त चिंचोके, तीच विहीर कोणाच्या तरी आईच्या आठवणीत दोराशिवायची. चिंचोक्यांची बेरीज हे दाखवू शकत नाही, कारण ज्याला दुखतं त्याच्या हातातही पाचच चिंचोके असतात, आणि तो अनेकदा बैठकीला आलेलाच नसतो. हे गृहस्थ आले ते भोंग्याची गोष्ट सांगायला म्हणून. नाहीतर आमच्या वहीत रांजणाची गोष्ट एकटीच राहिली असती आणि आम्ही ती वारसा म्हणून मिरवली असती.

विहीर यादीत ठेवायची का, यावर दोन रात्री घालवल्या. तिढा सुटला तो गिरणी कामगार काकाजींमुळेच. ते म्हणाले, विहीर ठेवा, पण दोन्ही गोष्टी ठेवा, आणि माझी आधी लिहा. तसंच झालं. वहीत विहिरीच्या पानावर पहिली ओळ दोराची आहे, दुसरी रांजणाची.

यादीत नको म्हणणारे

वहीतून नकाशा करून तो मोबाइलवरच्या नकाशात फोटोंसकट टाकायचा, असा विद्यार्थ्यांचा बेत होता. तरी-पोह्याची गाडी लावणाऱ्या बाईंचा फोटो काढायला गेले तर त्यांनी झारा दाखवला. "नकाशावर टाकू नका बाप्पा. उद्या गाडी उचलाले आले तर तुम्ही येणार काय?"

मी त्यांना २०१४ च्या पथविक्रेता कायद्याबद्दल सांगितलं. जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं जमतात अशा नैसर्गिक बाजाराला त्यात मान्यता आहे, शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. ही यादी त्यांच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला पोहे दिले, आणि पुन्हा नाहीच म्हणाल्या. विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालं तेव्हा त्या माहेरी होत्या, यादीत नाव आलेलं नाही. कायद्याच्या बळावर नकाशात यायला आधी कायद्याच्या कागदात असावं लागतं. मला उत्तर सुचलं नाही.

मग वहीला दोन भाग झाले. एक कार्यालयात द्यायचा. दुसरा मोहल्ल्यातच राहायचा, त्यात पोह्याची गाडी आहे, सराफ्यात काम करणाऱ्या बंगाली कारागिरांची जिन्याखालची नळाची जागा आहे, आणखी चार-दोन गोष्टी आहेत. कारागिरांकडे आम्ही शेवटी गेलो, हेही चुकलंच. ते भाडेकरू, बैठकीचा निरोप घरमालकाच्या दारावरून परत फिरतो. रात्री अकराला काम संपल्यावर गेलो तेव्हा त्यांनी चिंचोके हातात घेतले, हसले, आणि सगळे नळावर टाकले.

ज्या गोष्टी नजरेला न पडल्यामुळेच टिकून आहेत, त्या नकाशावर आणण्याआधी त्यांच्या मालकाला विचारावं, हे शिक्षक म्हणून मला आधीच माहीत असायला हवं होतं.

कार्यालयात काय झालं

अर्जात आम्ही तीनच गोष्टी मागितल्या. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, विहिरीचा कठडा रस्त्याच्या रेषेत येतो म्हणून रेष तिथे वळवावी, आणि कडुनिंबाला हात लावू नये. झाडासाठी कायद्याचा आधार मजबूत होता. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं, आणि झाड तोडायचंच असेल तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. वय सिद्ध कसं करायचं? छातीच्या उंचीवर घेर मोजला, आणि ज्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हा त्या पारावर वरातीचा बँड थांबला होता, त्यांच्याकडून लिहून घेतलं. बुंध्याचा घेर आणि लग्नाचं वर्ष, असे दोन पुरावे एका अर्जात जोडलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तोच अभियंता पुन्हा आला. यावेळी त्याच्या हातात आमच्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स होत्या. विहीर वाचली, रेष वळली, नवा कठडा बांधून मिळाला. झाड वाचलं, पण पार अर्धा गेला. मुळांभोवती माती मोकळी ठेवायची सोडून सिमेंट थेट बुंध्यापर्यंत आणलं होतं. दोन दिवसांनी पोरांनी आणि आखाड्याच्या मंडळींनी सब्बल घेऊन हातभर गोल फोडून काढलं. ते कोणाच्या परवानगीनं, हे विचारायला कोणी आलं नाही.

थर खरवडण्याचं मात्र अर्ध्या गल्लीतच झालं. वरच्या अंगाच्या घरांची दुसरी पायरी वर आली. खालच्या अंगाला मशीन पोचायच्या आधी काम थांबलं, आणि पाऊस लागला. त्या घरांच्या ओसरीत अजून पाणी येतं. त्यातलं एक घर यादीसाठी सगळ्यात जास्त धावपळ करणाऱ्या बाईंचं आहे. त्या मला भेटल्या की रस्त्याबद्दल बोलत नाहीत, आणि मी काढतही नाही.

वही सध्या इस्त्रीच्या दुकानात असते, किल्लीच्या खिळ्याखालच्या फळीवर. पोळ्यानंतर ती पुन्हा उघडायची आहे. पोरांना बोजाऱ्याची प्रतवारी नव्यानं लावायची आहे, कारण त्या तीन मजली इमारतीचा वॉचमन बदलला आहे.